ट्रेलर रिव्हर्स घेताना नवरा-बायकोचं भांडण का होतं? (आणि ते कसं टाळायचं)



या आठवड्याचा व्हिडिओ पवना धरणाच्या काठावर शूट केलाय. त्यात जे घाईघाईत सांगितलं, ते इथे नीट लिहून देतोय. ज्यांना फूड ट्रेलर, चहा-मॅगीचा ट्रेलर किंवा कॅम्पिंग ट्रेलरवर धंदा सुरू करायचाय, आणि तोही घरातल्या माणसाला सोबत घेऊन, त्यांनी हा लेख दोघांनी मिळून वाचा. एकट्याने वाचून दुसऱ्याला समजावायला जाऊ नका, तिथूनच भांडण सुरू होतं.

मावळात आता हे चित्र नेहमीचं झालंय. कामशेतवरून पवनानगरकडे जाणारा रस्ता, नाहीतर लोणावळ्यावरून दुधिवरे खिंड उतरून येणारा. शनिवारी दुपारपासून गाड्यांची रांग. तळ्याकाठी तंबू लागलेत, समोर तुंग, बाजूला तिकोना. आणि एखाद्या प्लॉटच्या तोंडाशी पिकअपला जोडलेला ट्रेलर मागे घेणं चाललेलं असतं. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी.

"अहो, इकडे घ्या!"

"इकडे म्हणजे कुठे?"

"अहो... अहो!!"

"अगं, नीट सांग ना!"

पाहुणे खुर्च्या टाकून बघत बसलेत. फुकट करमणूक!

माझीच गोष्ट आधी सांगतो

ट्रेनिंग द्यायला लागण्याआधी आमचाही एक छोटा नाश्त्याचा ट्रेलर होता. एका संध्याकाळी मी रिव्हर्स घेत होतो, मिसेस मागे उभी होती. ती "अहो, अहो" करत होती. मला वाटलं, नेहमीसारखी घाबरतेय. म्हणून मी गाडी घेतच राहिलो. शेवटी तिने पळत येऊन दारावर जोरात थाप मारली, तेव्हा ब्रेक दाबला. उतरून बघतो तर ट्रेलरच्या डाव्या कोपऱ्यामागे एका पाहुण्यांचा लहान मुलगा चेंडू उचलायला वाकलेला. मध्ये हातभर अंतर.

आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर तिलाच ओरडलो, "थांबा म्हणून नीट सांगता येत नाही का?" पुढचे दोन दिवस ती ट्रेलरवर आली नाही. बरोबरच केलं तिने. चूक तिच्या आवाजात नव्हती. "अहो" या शब्दाचा अर्थ "आत्ताच्या आत्ता थांबा" असा आहे, हे आमचं कधी ठरलंच नव्हतं. तिच्या मनात तो अर्थ होता, माझ्या मनात नव्हता.

आजचा मुद्दा एवढाच आहे. रिव्हर्समधलं भांडण स्वभावामुळे होत नाही, आधी न ठरवल्यामुळे होतं. ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग असतं, पण मागचं त्याला दिसत नाही. मागच्या माणसाला दिसतं, पण त्याच्या हातात काही नसतं. असं काम रागावून होत नाही, ठरवूनच होतं.

आधी गाडीचं गणित समजून घ्या

ट्रेलर मागे घेणं अवघड का वाटतं? कारण तो उलटा वागतो. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे जातो. ज्यांनी शेतात ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेतलीय, त्यांना हे माहीत आहे. मावळात भातशेती असलेल्या घरात असा एखादा काका सापडतोच, पहिला धडा त्यांच्याकडूनच घ्या.

नवशिक्यासाठी सोपी युक्ती सांगतो. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, घड्याळात ६ वाजतात तिथे. आता ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचंय, त्याच बाजूला हात सरकवा. डोक्यातला उलटसुलट हिशोब संपला.

आणखी तीन गोष्टी:

१. लहान ट्रेलर जास्त नखरे करतो. दोन चाकांचा, आखूड दांडीचा ट्रेलर पटकन वळतो. लांब ट्रेलर सावकाश वळतो, सावरायला वेळ देतो. म्हणून "छोटाच आहे, घेईन कसाही" असं समजू नका.

२. कोन फार वाढला की पुढे घ्या. गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटायला लागले, की मागे रेटून काही होत नाही. दांडी वाकते, नाहीतर गाडीचा कोपरा चेपतो. थांबा, पुढे जाऊन सरळ करा, पुन्हा या. पुढे घेणं म्हणजे हरणं नव्हे. चांगले ड्रायव्हरसुद्धा दोन-तीनदा पुढे-मागे करतात.

३. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं. म्हणून उजव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हर साइडला ट्रेलर वळवताना खिडकीतून सगळं दिसतं. डावीकडे वळवताना ट्रेलरचा मागचा कोपरा दिसेनासा होतो. प्लॉटमध्ये आत जागा असेल तर फिरून अशा बाजूने या, की तुमची जागा ड्रायव्हर साइडला येईल. दोन मिनिटं जास्त लागतील, पण अर्धं भांडण तिथेच मिटेल.

आता बोलण्याचे नियम

नियम १: गाडी हलण्याआधी दोघांनी उतरून चक्कर मारायची. मागे दगड आहे का, चर आहे का, तंबूची दोरी आहे का? वर झाडाची फांदी किंवा विजेची तार आहे का? पावसाळ्यात आपल्याकडची लाल माती वरून कोरडी दिसते आणि चाक आत रुतवते, तिथे पाय देऊन बघा. ट्रेलरचं मागचं चाक नेमकं कुठे थांबलं पाहिजे तिथे एक वीट ठेवा. आता दोघांच्या डोळ्यांसमोर एकच जागा आहे.

नियम २: "डावीकडे-उजवीकडे" हे शब्द बंद. मागचा माणूस ड्रायव्हरकडे तोंड करून उभा असतो. कोणाचं डावं, कोणाचं उजवं, हा गोंधळ होतो. त्यात स्टिअरिंग उजवीकडे की ट्रेलर उजवीकडे, हा आणखी एक घोळ. आपल्या ट्रकवाल्यांनी यावर केव्हाच उत्तर काढलंय: ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड. कुठेही उभे राहा, अर्थ बदलत नाही. आणि मागच्या माणसाने फक्त ट्रेलरचं टोक कुठे जायला हवं ते सांगायचं: "टोक क्लीनर साइडला." स्टिअरिंग कसं फिरवायचं ते ड्रायव्हरचं ड्रायव्हर बघेल.

नियम ३: "अहो", "अगं", "जरा", "बघा बघा" हेही बंद. यातल्या एकाही शब्दातून काय करायचं ते कळत नाही. "जरा मागे" म्हणजे किती? वीतभर की गाडीभर? अंतर मोजून सांगा: "पाच फूट... तीन... दोन... एक... थांबा." हे आकडे सलग येत राहिले पाहिजेत. मध्येच आवाज बंद झाला तर ड्रायव्हरने ब्रेक दाबायचा.

नियम ४: थांबण्याचा शब्द एकच. "थांबा" म्हणजे थांबा. का, कशासाठी, हे नंतर. एसटीत कंडक्टरने एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते. ड्रायव्हर मागे वळून "का थांबवली?" असा वाद घालत नाही, आधी थांबतो. आपल्यालाही तेच करायचंय. "थांबा" कोणीही म्हणू शकतो: बायको, मुलगा, कामाला ठेवलेला पोरगा, अगदी पाहुणासुद्धा. खोटा निघाला तरी त्याला रागवायचं नाही. एकदा रागावलात की पुढच्या वेळी तो बोलायला दोन सेकंद विचार करेल, आणि ती दोन सेकंदंच महाग पडतात.

नियम ५: आरशात माणूस दिसत नाही, तर गाडी हलत नाही. मागच्या माणसाने ट्रेलरच्या वाटेत किंवा ट्रेलर आणि भिंतीच्या मध्ये कधीच उभं राहायचं नाही. बाजूला, मागच्या कोपऱ्यापासून लांब, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशा जागी. दुसऱ्या बाजूचं बघायला जायचं असेल तर आधी "थांबा", मग चालत जायचं, दिसल्यावर पुन्हा सुरू.

नियम ६: हाताच्या खुणा ठरवा. वाऱ्यात आणि गाण्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. दोन्ही हात वर, पंजे समोर: थांबा. एका हाताने बोलावणं: येऊ द्या. हात आडवा ताणला: टोक या बाजूला. एवढ्या तीन पुरेत. फोनवर बोलून करायचं असेल तर फोन स्टँडवर, स्पीकर चालू, गाडीतली गाणी बंद. आवाज तुटला की गाडी थांबवायची. रात्री टॉर्च जमिनीवर आणि आपल्या हातावर मारा, आरशात मारला तर ड्रायव्हरला काहीच दिसणार नाही.

नियम ७: जागेवर लागल्यावर लगेच दांडी सोडू नका. आधी हँडब्रेक, मग ट्रेलरच्या चाकांना उताराच्या बाजूने दगड किंवा लाकडी ठोकळे, मग हूक. तळ्याकाठची जमीन सपाट वाटते, पण तिचा उतार पाण्याकडेच असतो.

दोघांनाही दोन्ही कामं आली पाहिजेत

बहुतेक घरात गाडी नवरा चालवतो. हरकत नाही. पण मधल्या वारी, गर्दी नसताना, एखाद्या मोकळ्या मैदानात जा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या लावून प्लॉटची खूण करा. आधी एकाने चालवायचं, मग दुसऱ्याने. स्टिअरिंगवर बसलं की मागच्याचं बोलणं किती कमी कळतं ते समजतं, मागे उभं राहिलं की समोरचा ऐकत नसल्यावर किती जीव वर-खाली होतो ते समजतं. माझ्या मिसेसने अशी पहिल्यांदा गाडी घेतली, त्या दिवसापासून माझं ओरडणं बंद झालं.

यात धंद्याचाही प्रश्न आहे. एकालाच येणारं काम म्हणजे तो आजारी पडला की धंदा बंद. आपल्याच घाटातलं उदाहरण बघा. बोरघाटातल्या रेल्वेचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज ठेकेदाराने घेतला होता. १८५९ मध्ये, भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याची बायको अॅलिस हिने ठेका हातात घेतला, जाणकार इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेलं. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली. गंमत म्हणजे त्या मार्गावर खंडाळ्याजवळ एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. चढ एका दमात घेता येत नव्हता, म्हणून गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढे निघायची. थांबून, दिशा बदलून पुढे जाण्यात कमीपणा नाही, हे आपल्या घाटाने केव्हाच दाखवून दिलंय.

प्लॉटवाल्यांसाठी दोन शब्द

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात कॅरॅव्हॅन आणि कॅरॅव्हॅन पार्क दोन्हींचा विचार आहे. तुमची जागा असेल आणि असे पाहुणे घ्यायचे असतील, तर जागा अशी आखा की गाडी एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने निघेल. रिव्हर्सची गरजच कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. आणि ट्रेलर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ट्रेलरची नोंदणी गाडीपेक्षा वेगळी करावी लागते. घेण्याआधी आरटीओत चौकशी करा.

शेवटी

हे नियम आमच्याकडे काउंटरवर पण चालतात. जो कढईसमोर आहे त्याला गिऱ्हाईक दिसत नाही, जो गल्ल्यावर आहे त्याला कढई दिसत नाही. ज्याला दिसतंय त्याने नेमकं सांगायचं, ज्याच्या हातात काम आहे त्याने ऐकायचं, आणि काही चुकलं तर ते संध्याकाळी, शटर खाली ओढल्यावर, दोघांतच बोलायचं. गिऱ्हाइकासमोर नाही.

तर या शनिवारच्या आधी एक काम करा. दोघं बसून कागदावर लिहा: आपला थांबण्याचा शब्द कोणता, तीन खुणा कोणत्या, मागे कोण उभं राहणार. तो कागद डॅशबोर्डवर चिकटवा. आणि ट्रेलर जागेवर लागला की मागे उभ्या असलेल्या माणसाला पहिला चहा तुम्ही करून द्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!