मस्तक व मान : शरीररचनेचा एक पाठ

शरीररचनेचा पाठ पुष्कळदा तक्त्यावरील नावे पाठ करून घेण्यापुरताच राहतो. वस्तुतः मस्तक व मान यांच्या पाठास विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शरीरासारखे दुसरे साधन नाही. यवतमाळ जिल्ह्यात तर हा पाठ काळजीपूर्वक घेण्यास विशेष कारण आहे. ते पुढे सांगितले आहे.

कवटी व जबडा : प्रौढ मनुष्याच्या कवटीत २२ हाडे असतात. ८ हाडांची मिळून मेंदूची पेटी होते व १४ हाडे चेहऱ्याची असतात. त्यांपैकी हलते ते एकच, खालच्या जबड्याचे. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून मुलांस तोंड उघडण्यास व मिटण्यास सांगावे, म्हणजे जबड्याची बिजागरी बोटाखाली सरकताना कळते. दातांवर दात दाबले असता गाल व कानशील येथील स्नायू टणक होतात, हेही हातास जाणवते.

दात : दुधाचे दात २० व कायमचे ३२. कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे येते. ती दुधाची समजून तिची हयगय होते. ती पडल्यास पुन्हा येत नाही.

मान : मानेत ७ मणके असतात. जिराफाच्या लांब मानेतही सातच असतात, हे ऐकून मुलांस मौज वाटेल. मानेत पुढे श्वासनलिका व तिच्यामागे अन्ननलिका असते. घाटीवर हलके बोट ठेवून आवंढा गिळला असता घाटी वर चढते. त्याच क्षणी श्वासनलिकेचे तोंड झाकले जाऊन घास मागील वाटेने जातो. जेवताना बोलू वा हसू नये, या वडीलधाऱ्यांच्या सांगण्याचे मर्म येथे आहे.

मुखाचे अस्तर : गालाचे आतील अस्तर मऊ व लवचीक असते, म्हणून तोंड पुरते उघडते. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्वत्र खाल्ला जातो. त्यातील सुपारीमुळे हे अस्तर हळूहळू ताठर होते, तिखट झोंबू लागते व तोंड उघडेनासे होते. आलेला ताठरपणा सहसा पुरता जात नाही आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. सुपारी तंबाखूवाचूनही कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला.

शिक्षकांनी काय करावे : प्रत्येक मुलास हात धुऊन स्वतःची तीन बोटे एकावर एक अशी उभी, वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये धरण्यास सांगावे. निरोगी मुखात ती सामान्यतः मावतात. न मावल्यास वर्गात त्याचा बोभाटा करू नये. दाढ सुजल्यानेही असे होते. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. पालकांस एकांतात सांगून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम अथवा पांढरा चट्टा दिसल्यासही असेच करावे.

२००३ च्या कायद्यान्वये १८ वर्षांखालील व्यक्तीस, तसेच शाळेपासून १०० यार्डांच्या आत, तंबाखूचे पदार्थ विकण्यास मनाई आहे. परंतु कायद्याहून मुले शिक्षकाकडे अधिक पाहतात. ज्याच्या खिशात खर्ऱ्याची पुडी आहे, त्याने हा पाठ कितीही उत्तम घेतला तरी तो मुलांच्या मनावर ठसणार नाही.