मोर्चा निघाला बायकांचा!

मोर्चा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? हातात फलक, पुढं झेंडा, घोषणा आणि मागून पोलिसांची गाडी! तहसील कचेरीवर जाणारे असे मोर्चे तुम्ही पाहिलेच असतील. त्यात बायका असतात, कधी कधी तर त्याच पुढं असतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वी बाईनं पायात चपला घालून, छत्री घेऊन रस्त्यानं जाणं हीसुद्धा टिंगलीची गोष्ट होती. मग मोर्चा तर दूरच राहिला.

मतदानाचा पाठ चालू असताना चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "बाई, बायकांना आधी मत नव्हतं? मग त्यांनी मागितलं कसं?" पस्तीस मिनिटांच्या तासात काही ते सांगून झालं नाही. म्हणून आज इथं सांगते.

आधी जरा लांब जाऊ, थेट लंडनला. १७ जून १९११. त्या दिवशी तिथल्या रस्त्यांवरून सुमारे चाळीस हजार बायका रांगेनं चालत निघाल्या होत्या. मागणी एकच, आम्हाला मत द्या! आणि गंमत म्हणजे त्या गर्दीत साड्या नेसलेल्या काही भारतीय बायकाही होत्या. ज्या सरकारच्या राज्यात आपण गुलाम होतो, त्याच सरकारकडं त्याच्या बायका हक्क मागत होत्या, आणि आपल्या बायका त्यांच्यासोबत चालत होत्या.

लंडनमध्ये या चळवळीत एक राजकन्याही होती. सोफिया दुलीपसिंग, पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांची नात. नोव्हेंबर १९१० मध्ये सुमारे तीनशे बायका पार्लमेंटवर चालून गेल्या, तेव्हा ती पुढच्या फळीत होती. त्या दिवशी पोलिसांनी बायकांना फार वाईट वागवलं. तरी ही बाई मागं हटली नाही. राजवाड्याच्या दारात उभी राहून चळवळीचं वर्तमानपत्र विकायची!

हीच सोफिया १९११ साली काश्मीरला आली होती. तिथं तिला भेटल्या मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन. सोफियाच्या अंगावर एक छोटासा बिल्ला होता. 'बायकांना मत द्या' असं त्यावर लिहिलेलं. मिठन तेव्हा तेरा वर्षांची, म्हणजे तुमच्यातल्या सातवी-आठवीच्या मुलींएवढी. त्या बिल्ल्यावरून बोलणं निघालं आणि मायलेकींच्या डोक्यात हा विषय जो शिरला, तो शिरलाच.

पुढं १९१७ च्या डिसेंबरात सरोजिनी नायडूंच्या पुढाकारानं बायकांचं एक शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं. मताचा हक्क मागून आलं. पण पुढं चौकशीला आलेल्या समितीनं काय म्हणावं? हिंदुस्थानातल्या बायकांना एवढ्यात मत नको, समाजाची तयारी नाही! मग हिराबाई आणि मिठन १९१९ साली बोट पकडून विलायतेला गेल्या. पार्लमेंटच्या समितीपुढं साक्ष दिली, सभांतून बोलल्या. मिठन तेव्हा अवघी एकवीस वर्षांची. (हीच पुढं बॅरिस्टर झाली. १९४७ मध्ये मुंबईची पहिली महिला शेरीफही तीच.) एवढं करून सरकारनं हात झटकले. म्हणालं, ज्या त्या प्रांताच्या कायदेमंडळानं ठरवावं.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडं मोर्चा निघाला की नाही? निघाला ना! पण तो मतासाठी नव्हता. तो होता शाळेसाठी.

त्याचं असं झालं. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं एक कायदा झाला. नगरपालिकांना आपल्या गावात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायची मुभा मिळाली. पुण्यात वाद पेटला. सक्ती फक्त मुलांना करायची की मुलींनाही? एक पक्ष म्हणे, पैसा पुरत नाही, आधी मुलांचं बघू, मुलींचं मागाहून. लोकमान्य टिळक या बाजूला होते. होय, तेच लोकमान्य, स्वराज्यासाठी मंडालेच्या तुरुंगात गेलेले. या बाबतीत मात्र मला त्यांचं पटत नाही, हे स्पष्ट सांगते. 'मागाहून' म्हणजे कधी, हे ज्याला थांबावं लागतं त्यालाच कळतं. दुसऱ्या बाजूला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे होते. आणि होत्या रमाबाई रानडे.

रमाबाई तुमच्या-आमच्या भागातल्याच. जन्म देवराष्ट्र्याचा, म्हणजे आजचा सांगली जिल्हा. अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला गेल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना शिकवायला घेतलं. घरातल्या बायका टोमणे मारत. तरी त्या शिकल्या, इंग्रजीसुद्धा! १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाचं काम उभं केलं. अशा या रमाबाई १९२० साली साठीला टेकल्या असताना पुण्याच्या रस्त्यावर उतरल्या. मागं शेकडो बायका. मागणी ही, की मुलींनाही शिक्षण सक्तीचं करा. ज्या पुण्यात शिकणाऱ्या बाईला नावं ठेवत, तिथल्या रस्त्यानं त्या बायका चालत गेल्या. बघणाऱ्यांची तोंडं कशी झाली असतील, तुम्हीच कल्पना करा!

मुंबई इलाख्यातल्या बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतही पुढं याच रमाबाई होत्या. इथं अर्ज, सभा, ठराव असा मार्ग होता. १९२१ साली आधी मद्रास आणि मग मुंबईच्या कायदेमंडळानं बायकांना मताचा हक्क दिला. इंग्लंडात बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळायला १९२८ उजाडावं लागलं!

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. हे मत जमीन, घर, कर असलेल्यांनाच होतं. बायकांच्या नावावर तेव्हा होतं काय? फार थोड्या बायकांना ते मिळालं. आणि आपल्या शाहूवाडीला तर तो ठराव लागूच नव्हता, कारण आपण कोल्हापूर संस्थानात! संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं. लोकसभा-विधानसभेसाठी आपल्याकडच्या बायकांनी पहिलं मत टाकलं ते १९५१-५२ च्या निवडणुकीत. एकवीस वर्षं पुरी झालेल्या सगळ्यांना तेव्हा मत होतं. जमीन असो नसो, शिक्षण असो नसो.

त्या निवडणुकीची एक गोष्ट ऐका. मतदार याद्या करायला माणसं घरोघरी गेली. देशभरातल्या लाखो बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं? कुणी म्हणाली, अमक्याची आई लिहा. कुणी म्हणाली, तमक्याची बायको. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, असं चालणार नाही, मतदाराला स्वतःचं नाव हवं. अखेर सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून गळाली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान या बाजूच्या. हक्क होता, पण नाव नव्हतं!

आम्ही शिक्षक मतदार यादीच्या कामाला वाड्या-वस्त्यांवर जातो तेव्हा मला ही गोष्ट हमखास आठवते. आजकाल म्हाताऱ्या आज्याही आपलं नाव ठणकावून सांगतात. अडतं ते नवऱ्याच्या नावाशी! "अवो बाई, त्यांचं नाव मी कसं घिऊ? सुनंला इचारा." मग सून आतून ओरडून सांगते, नाही तर आजी उखाणा घेते आणि मी तो ऐकून नाव लिहिते. काम लांबतं, पण मजा येते.

मुलांनो, एक काम कराल? यादी दुरुस्तीला निघाली की तिचा कच्चा खर्डा मतदान केंद्रावर, म्हणजे बहुतेक गावांत आपल्या शाळेतच लागतो. त्यात आजीचं नाव शोधा. काना-मात्रा चुकलाय का, वय बरोबर आहे का, बघा. चुकलं असेल तर शाळेत सांगा, दुरुस्तीचा अर्ज असतो. आणि आजीला विचारा, तिच्या आईचं नाव काय होतं. माझ्या वर्गात हा प्रश्न टाकला, तेव्हा दुसऱ्या दिवशी मुलं वहीत नावं लिहून घेऊन आली. तानूबाई, हौसाबाई, ठकूबाई, गोदाबाई. एका मुलाची ओळ मात्र कोरी होती. तो म्हणाला, "आजीला आठवंना झालंय बाई. तिच्या आईला समदी थोरलीच म्हणायची."