पडू न शकणारे दगड

बैलाची ती साखळी आणा रे पोरांनो. दोघं दोन टोकं धरा. मध्ये झोळ पडला ना? प्रत्येक कडी खाली जाऊ पाहते आणि शेजारच्या कड्या तिला ओढून धरतात. आता हाच झोळ मनात उलटा करा. ओढीचा झाला रेटा, आणि साखळीची झाली कमान! रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं हे १६७५ साली कोड्यात दडवून छापलं होतं.

आपल्या जैनथच्या देवळात काय पाहिलंत? खांब, आणि त्यांवर आडवी दगडी तुळई. दगड दाबला तर हत्तीचं बळ दाखवतो, पण ताणला की तडकतो. तुळई वाकू लागली की तिच्या पोटाला ताण बसतो, म्हणून खांब जवळजवळ लागतात. कमानीत मात्र दगडाला ताण जवळपास नसतोच. प्रत्येक दगडाला पडायचं असतं, शेजारी वाट देत नाहीत, आणि त्या पडण्याच्या ओढीनंच सगळे घट्ट बसतात. मला तर हे अजून नवलच वाटतं.

कमानींची करामत कळायला एका जुन्या मशिदीची गोष्ट सांगतो. आपल्या आदिलाबादला ज्याचं नाव मिळालं म्हणतात, त्या आदिलशहाचं घराणं बहमनी राज्यातूनच फुटून निघालं. त्या बहमन्यांच्या गुलबर्ग्याच्या किल्ल्यात १३६७ ची जामा मशीद आहे. ती बांधणारा रफी इराणातल्या कझवीनचा. त्याचं नाव तिथल्या शिलालेखात आहे. एरवी मशिदीला मोकळं अंगण असतं. इथं नाही. २१६ फूट लांब, १७६ फूट रुंद, आणि सगळं छपराखाली! मिहराबपुढं, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापुढं, मोठा घुमट, चार कोपऱ्यांवर चार, आणि मधे साठाहून जास्त लहान घुमट.

घुमट म्हणजे गोल फिरवलेली कमानच. तो नुसता खाली दाबत नाही, बाहेरही रेटतो. या, खांद्याला खांदा लावून रांगेत बसा आणि एकमेकांना रेटा. मधला हलतोय का? नाही, दोन्हीकडून सारखाच रेटा येतो. लहान घुमटांचं तसंच. पण कडेच्याला पलीकडं शेजारी कुठला? म्हणून रफीनं तीन बाजूंना ओवऱ्या बांधल्या. त्यांच्या कमानी रुंद, आणि अगदी बुटक्या आधारांवरून उठलेल्या. आतला रेटा त्या भक्कम बांधकामावर जातो. साडेसहाशे वर्षं झाली, ते छप्पर उभं आहे.

अरे, ही कडेची चिमणी कलंडली बघा! सरक गं थोडी आत. तुझ्या बाजूला मी बसतो.