वजनकाट्याला काय कळत नाही?

एक सोपा प्रयोग करा. वजनकाट्यावर उभे राहून आकडा टिपा. मग अर्धा लिटर पाणी प्या आणि पुन्हा उभे राहा. आकडा अर्ध्या किलोने वाढलेला दिसेल (काटा चांगला असला तर!). एवढ्यात तुम्ही लठ्ठ झालात काय? पृथ्वी तुम्हांला किती बलाने ओढते, एवढेच काटा सांगतो. ते वजन पाण्याचे, हाडांचे, स्नायूंचे की चरबीचे, हे त्याला कळत नाही.

कबड्डी, कुस्ती खेळणाऱ्या मुलींनी हे नीट समजून घ्यावे. एक लिटर चरबी भरते सुमारे ९०० ग्रॅम, तर एक लिटर स्नायू सुमारे १०६० ग्रॅम. म्हणजे सरावाने चरबी घटून तिच्या जागी तेवढ्याच आकारमानाचा स्नायू आला, तर अंगाचा घेर तोच राहूनही वजन वाढते. समजा, एका तरुण खेळाडूची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो आहे. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की २५ येतात आणि प्रौढांचा तक्ता म्हणतो, 'वजन जास्त'! हा भागाकार केतले या बेल्जियन ज्योतिर्विदाने १८३०च्या दशकात मांडला, तो लोकसमूहांची सरासरी अभ्यासताना. एकेका खेळाडूचे दंड जोखण्यासाठी नव्हे.

स्नायूचे बळ मुख्यतः त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. २०२१ साली टोकियोत मीराबाई चानूने ४९ किलो वजनगटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, ते काही काटकुळ्या मांड्यांच्या जोरावर नव्हे. तरीही 'मुलगी किती आडवी झाली' असे शेजारीपाजारी म्हणतात आणि मुलगी आरशासमोर हिरमुसते.

मग बारीक दिसण्यासाठी, किंवा वजनगटात बसण्यासाठी, सराव तोच ठेवून जेवण कमी केले जाते. येथे ऊर्जेचा जमाखर्च आडवा येतो. सरावातला खर्च वजा जाता उरलेल्या ऊर्जेत हृदय, मेंदू, हाडांची डागडुजी, सारे भागवायचे असते. ती पुरेनाशी झाली की शरीर काटकसर करते. मासिक पाळी अनियमित होते, कधी थांबते. हाडे कमजोर होऊन पायाच्या हाडाला बारीक तडा जातो. मनही उदास, चिडचिडे होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. पुरुष खेळाडूही तिच्यातून सुटत नाहीत. आणि गंमत अशी, की या काळात वजन पुष्कळदा स्थिरच असते. काट्याला हेही कळत नाही.

तेव्हा क्रीडाशिक्षकांनी मुलींची वजने सर्वांसमोर मोठ्याने वाचू नयेत. आणि सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर 'कसून सराव चालला आहे' असे समजून गप्प न बसता मुलीने आईला किंवा बाईंना सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे.