नकाशा, नाव आणि काठावर थांबलेली मोठी माणसं

इंग्रजीतल्या जुन्या साहसकथांचा विषय निघाला की एक ठरावीक उत्तर ऐकायला मिळतं. मुलांना खजिना आवडतो, भुयारं आवडतात, चोर पकडायला आवडतं, म्हणून ही पुस्तकं टिकली. मला हे उत्तर कधीच पुरेसं वाटलं नाही. खजिना आणि चोर असलेली असंख्य पुस्तकं त्याच देशात, त्याच काळात निघाली आणि रद्दीत गेली. मग मोजकीच का उरली? मी वाङ्मयाचा पदवीधर नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हाती लागेल तसं वाचत आलो आणि त्यातून जे मत बनलं, ते इथे मांडतो आहे.

सुरुवात ‘ट्रेझर आयलंड’पासून करू. १८८१ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधल्या ब्रेमार या गावी कुटुंबासह मुक्कामाला होता. बाहेर पाऊस, घरात कंटाळलेला सावत्र मुलगा लॉइड आणि त्याची रंगपेटी. त्या रंगांनी एका बेटाचा नकाशा काढला गेला, आणि तो बघता बघता स्टीव्हन्सनला गोष्ट सुचू लागली. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. खाड्या, टेकड्या आणि नांगर टाकायच्या जागा आधी आल्या, माणसं नंतर. स्टीव्हन्सनचे वडील दीपगृहं बांधणारे अभियंते. तेही या खेळात ओढले गेले. मेलेल्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडतं, ती यादी त्यांनी करून दिली. कथा आधी एका साप्ताहिकात टोपणनावाने आली, पुस्तक १८८३ मध्ये निघालं. गंमत म्हणजे प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा हरवला. मग स्टीव्हन्सनला स्वतःचीच कादंबरी पुन्हा तपासत, त्यातली अंतरं आणि दिशा जुळवत नवा नकाशा तयार करावा लागला. तो त्याला शेवटपर्यंत आपला वाटला नाही, पण तो तयार होऊ शकला, हे महत्त्वाचं. मजकुरात भूगोल पक्का होता म्हणूनच ते जमलं.

याच्या उलट उदाहरण आर. एम. बॅलन्टाइनच्या ‘कोरल आयलंड’चं. १८५७ च्या अखेरीस आलेली ही कादंबरी पॅसिफिकमधल्या बेटावर घडते, पण लेखकाने ती बेटं पाहिलेली नव्हती. त्याला नारळ माहीत होता तो ब्रिटनमधल्या दुकानात मिळणारा, सोललेला. त्यामुळे त्याच्या गोष्टीत झाडावरच्या शहाळ्याला सोडणच नाही! कोकणातलं कुठलंही पोर हे वाचून हसेल. बॅलन्टाइनला ही चूक इतकी लागली की पुढच्या पुस्तकांसाठी तो प्रत्यक्ष जागेवर जाऊन राहू लागला. दीपगृहावरच्या कादंबरीसाठी तो बेल रॉक दीपगृहात मुक्कामाला गेला. ते दीपगृह स्टीव्हन्सनच्या आजोबांनी बांधलेलं. स्टीव्हन्सन स्वतः लहानपणी बॅलन्टाइनचा चाहता होता, ‘ट्रेझर आयलंड’च्या सुरुवातीच्या पद्यात त्याने त्याचं नावही घेतलं आहे.

पण नुसत्या अचूकपणाने पुस्तक टिकत नाही. दुसरी गोष्ट लागते, आणि ती सर्वांत स्पष्ट दिसते आर्थर रॅन्समच्या ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’मध्ये. पुस्तक १९३० चं. जॉन, सुझन, टिटी आणि रॉजर ही चार भावंडं इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात सुट्टीला आली आहेत. त्यांना शिडाची होडी घेऊन तळ्यातल्या बेटावर एकटंच राहायचं आहे. वडील नौदलात, दूर. आई त्यांना पत्र लिहून विचारते आणि त्यांची त्रोटक तार येते. मुलांवर विश्वास असल्याचं त्यात थेट लिहिलेलं नाही, पण तेच म्हटलेलं आहे. आई तंबू शिवून देते. दूध मात्र रोज काठावरच्या शेतघरातून आणायचं, म्हणजे मोठ्यांच्या नजरेस मुलं आपोआप पडत राहतात. परवानगी आहे, पण मोकाट सोडणं नाही.

पुढे एका रात्री मुलं अंधारात होडी हाकतात आणि थोडक्यात बचावतात. हे जॉन आईला आपणहून सांगतो. आई आरडाओरडा करत नाही, पण वडिलांच्या तारेची आठवण देते आणि पुन्हा असं न करण्याचं वचन घेते. माझ्या मते पुस्तकातला सर्वांत मोठा प्रसंग हाच. त्यात चाचे नाहीत, खजिना नाही. एका मुलावर टाकलेली जबाबदारी आहे आणि ती किती वजनाची आहे हे त्याला कळलेलं आहे.

१९३७ च्या ‘वुई डिडन्ट मीन टु गो टु सी’मध्ये रॅन्सम हीच कल्पना आणखी ताणतो. बंदराबाहेर जाणार नाही असा शब्द आईला दिलेला. नावेचा मालक पेट्रोल आणायला किनाऱ्यावर गेलेला असताना धुकं उतरतं, नांगर सुटतो आणि नाव समुद्रात वाहत जाते. किनाऱ्याजवळ वाळूचे दांडे आहेत, तिथे परतायला गेलं तर नाव फुटेल. म्हणून जॉन ठरवतो, खोल समुद्रात जायचं. शब्द मोडतो, पण जीव वाचतात, आणि नाव थेट हॉलंडला लागते. हा मार्ग जुळतो का हे पाहायला रॅन्समने आधी स्वतः नाव हाकत तो पल्ला गाठला होता. मुलं पुस्तक वाचताना ही मेहनत मोजत नाहीत. फसवणूक मात्र त्यांना लगेच कळते.

आता एनिड ब्लायटन. कारागिरीत ती रॅन्समच्या जवळपासही नाही, हे सांगून टाकतो. ‘फेमस फाइव्ह’च्या एकवीस पुस्तकांत वारा कुठून वाहतो हे क्वचितच नक्की असतं. तरी पहिलं पुस्तक कधी आलं ते पाहा : १९४२. ब्रिटनच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर तेव्हा काटेरी तारा आणि सुरुंग होते. त्याच वर्षी जुलैत गोळ्या-चॉकलेटं रेशनवर गेली, ती १९५३ पर्यंत. अशा वेळी ब्लायटनची मुलं मोकळ्या किनाऱ्यावर धावतात, होडी घेऊन बेटावर जातात आणि पोटभर खातात. त्या पुस्तकांतल्या खाण्याच्या याद्यांची नंतर पुष्कळ टिंगल झाली. जिंजर बिअरचं जे वाक्य तिच्या नावावर सर्रास खपवलं जातं, ते तर तिच्या पुस्तकांत नाहीच. १९८२ च्या एका विडंबनपर दूरदर्शन कार्यक्रमातून ते आलं. रेशनकार्डावर वाढलेल्या मुलाला त्या याद्या कशा वाटल्या असतील, हे टिंगल करणारे विसरतात.

या पुस्तकांचे दोषही आहेत. बॅलन्टाइनच्या बेटावरचे स्थानिक लोक माणसं म्हणून दिसतच नाहीत. विल्यम गोल्डिंगने १९५४ मध्ये त्याच्याच राल्फ आणि जॅक या नावांची मुलं बेटावर सोडून त्या आत्मविश्वासाची पार चिरफाड केली. ब्लायटनचे बदमाश पुष्कळदा परके किंवा भटके असतात आणि भांडी घासणं मुलीच्या वाट्याला येतं. मुलांनी हे वाचू नये असं मी म्हणणार नाही, वाचताना त्यावर घरात बोलावं. तिच्या प्रकाशकांनी २०१० मध्ये जुने शब्द बदलून आवृत्त्या काढल्या. दोष काढायला नव्हे, तर भाषा आजची व्हावी म्हणून. त्या चालल्या नाहीत, आणि २०१६ मध्ये मूळ मजकुराकडे परतावं लागलं. अडचण शब्दांची नव्हतीच.

आपल्याकडे भा. रा. भागवतांना हे मर्म नेमकं कळलं होतं. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात शिकायला असतो, आई-वडील गावी, हाताशी सायकल. मोठी माणसं वाईट नाहीत, फक्त त्या क्षणी तिथे नाहीत.

रॅन्समच्या वाचकांपैकी दोघींची गोष्ट सांगायची राहिली. कॅथरीन हल आणि पामेला व्हिटलॉक या शाळकरी मुलींनी त्याची पुस्तकं वाचून स्वतःची कादंबरी लिहायला घेतली. होड्यांऐवजी घोडे, तळ्याऐवजी एक्समूरचा माळ. बाड पुरं झाल्यावर ते सरळ रॅन्समकडे धाडलं. तो ते घेऊन आपल्या प्रकाशकाकडे गेला, आणि १९३७ मध्ये ‘द फार-डिस्टंट ऑक्सस’ हे पुस्तक त्याच्या प्रस्तावनेसह निघालं. चित्रं पामेलानेच काढली होती.