पस्तिसाव्या मजल्यावरचा डोळा

मोहोपाड्यात सोनाराच्या दुकानापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत कॅमेरे आले. आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी, त्यामुळे त्यांचा पडदा माझ्याच टेबलावर. कंटाळवाणा प्रकार: पार्किंग, कुत्री, दूधवाला.

याच यंत्रातून मुंबईच्या ‘कॅम्प’ या स्टुडिओने कला घडवली. शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि संजय भांगर यांनी तो २००७ मध्ये सुरू केला. २०२२ च्या ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’साठी त्यांनी ३५ मजली इमारतीवरच्या एकाच सीसीटीव्ही कॅमेऱ्याने चित्रण केलं, कॅमेरा दुरून फिरवायचा, लांबचं जवळ ओढायचं. सात पडद्यांवर नजर टॉवरांवरून घसरत खालच्या वस्त्यांवर उतरते. पहारेकऱ्याचं यंत्र इथे शहराची उतरंड दाखवतं. मला हे कुठल्याही भाषणापेक्षा धारदार वाटतं. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयानेही कॅम्पचं प्रदर्शन भरवलं.

हीच उतरंड आमच्या फाटकावरच्या पहाऱ्यातही आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरी आमच्या फाटकावर नोंद होते ती घरकामाच्या बायकांची. साहेब गाडीतून सरळ आत! पुढच्या सभेत तुमच्या सेक्रेटरीला जरूर विचारा: हे चित्रण कोण बघतं, आणि किती दिवस ठेवतं?