मिर्झा कासेमी (भाजलेल्या वांग्यांचा इराणी पदार्थ) : थोडक्यात

• मूळ : उत्तर इराण, कॅस्पियन समुद्रालगतचा गिलान प्रांत. नाव कजार राजवटीतील रश्तचे प्रशासक मोहम्मद कासिम खान यांच्यावरून पडल्याचे सांगतात.

• चौघांसाठी : वांगी 1 किलो, लसूण 6 ते 8 पाकळ्या, टोमॅटो 3, अंडी 3, हळद अर्धा चमचा, तेल किंवा लोणी, मीठ, मिरपूड.

• भाजणे : वांग्यांना टोचे मारून थेट आचेवर साल काळी पडेपर्यंत भाजावीत. धुरकट चव इथेच येते. सोलून चाळणीत निथळावीत, मग ठेचावीत.

• क्रम : तेलात लसूण मंद आचेवर परतावा, करपल्यास कडवट लागतो. मग हळद, वांगे, चिरलेला टोमॅटो. पाणी आटल्यावर शेवटी अंडी.

• अंडी : कडेला फोडून, जराशी घट्ट झाल्यावर मिसळावीत.

• फरक : *कश्क-ए-बादेमजान* या इराणी पदार्थात वांगी बहुधा तळतात, अंडी नसतात, कश्क (आंबवलेल्या दुधाचा पदार्थ) आणि पुदिना असतो. लेबनॉन-सीरियाकडच्या *बाबा घनूश*मध्ये वांगी भाजलेलीच, पण अंडी नाहीत. त्यात बहुधा तिळाची पेस्ट घालतात. खानदेशी भरितात हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे.

• सोबत : नान किंवा *कते*, म्हणजे गिलानी पद्धतीचा न वेळलेला भात.